हिरवा, पिवळा, लाल: राष्ट्रीय उद्यानाचा वार्षिक आढावा कसा वाचायचा?

राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबा येतं: वनखात्याची जमीन, प्रवेशाचं गेट, गाइड, जिप्सी, आणि आत काय चालेल, काय चालणार नाही हे सांगणारं एकच खातं. हेच चित्र डोक्यात ठेवून स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानात गेलात, तर गेटच सापडणार नाही. आत ॲव्हिमोरसारखं हॉटेलांनी गजबजलेलं गाव आहे, व्हिस्कीच्या भट्ट्या आहेत, मेंढ्या आहेत, स्की करायचे डोंगरउतार आहेत, ब्रिटिश राजघराण्याचं बाल्मोरलही आहे. सुमारे १८ हजार माणसांची घरं या उद्यानात आहेत आणि वर्षाकाठी २० लाखांच्या आसपास पर्यटक येऊन जातात. क्षेत्रफळ ४,५२८ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या अडीचपटीहून जास्त. ब्रिटनमधलं हे सगळ्यांत मोठं राष्ट्रीय उद्यान.

आणि यातली बहुतेक जमीन उद्यानाच्या प्राधिकरणाच्या मालकीची नाही. हजारो हेक्टरांच्या खासगी इस्टेटी आहेत. आपल्याकडच्या जुन्या जहागिऱ्यांची आठवण यावी इतक्या मोठ्या. मार लॉज इस्टेट 'नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड' या संस्थेकडे आहे, ॲबरनेथीचं जंगल पक्षिसंरक्षण करणाऱ्या 'आरएसपीबी'कडे, ग्लेनमोर सरकारी वनसंस्थेकडे, ग्लेनलिव्हेट राजमुकुटाच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे. शिवाय पाच वेगवेगळ्या स्थानिक परिषदांच्या हद्दी या उद्यानात घुसलेल्या आहेत. प्राधिकरणाच्या हातात काय, तर बांधकाम परवानग्यांवर अधिकार, काही नियम करण्याची मुभा, रेंजर, थोडाफार निधी. बाकी सगळं दुसऱ्यांचं मन वळवून करून घ्यायचं.

म्हणून इथली व्यवस्थापन योजना 'भागीदारी योजना' असते. ती लिहितं प्राधिकरण, पण अमलात आणायची असते इस्टेटवाल्यांनी, शेतकऱ्यांनी, परिषदांनी, निसर्गसंस्थांनी, सरकारी खात्यांनी. दरवर्षी तिच्या प्रगतीचा आढावा निघतो. हे आढावे दिसायला अगदी निरुपद्रवी असतात: तक्ते, बाण, हिरवे-पिवळे-लाल ठिपके. पण त्यातला हिरवा ठिपका नेमकं काय सांगतो हे कळलं नाही, तर सगळा कागद फसवा ठरतो.

आधी योजनेबद्दल थोडं. स्कॉटलंडच्या संसदेनं २००० साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला आणि २००३ मध्ये केर्नगॉर्म्स उद्यान अस्तित्वात आलं. कायद्यानं उद्यानाला चार उद्दिष्टं दिली: निसर्ग आणि सांस्कृतिक वारसा जपणं आणि वाढवणं, नैसर्गिक साधनांचा टिकाऊ वापर, लोकांना या प्रदेशाची ओळख आणि आनंद मिळवून देणं, आणि तिथल्या वस्त्यांचा आर्थिक-सामाजिक विकास. चौथं उद्दिष्ट लक्षात ठेवा, कारण इंग्लंडमधल्या उद्यानांच्या मूळ हेतूंमध्ये ते नाही. चारही उद्दिष्टं एकत्र साधायची, पण भांडण लागलंच तर पहिल्याला जास्त वजन द्यायचं, अशी कायद्यात सोय आहे. योजना लोकांसमोर चर्चेला ठेवावी लागते, स्कॉटलंडच्या मंत्र्यांची मंजुरी घ्यावी लागते, आणि किमान पाच वर्षांतून एकदा तिचा मुळापासून फेरविचार करावा लागतो. सध्या चालू आहे ती चौथी योजना, २०२२ ते २०२७ची. निसर्ग, माणसं आणि ठिकाण असे तिचे तीन भाग आहेत.

योजना पाच वर्षांची असली तरी तिची नजर २०४५वर आहे, कारण हरितगृह वायूंचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायला स्कॉटलंडनं तेच वर्ष धरलं आहे. तोपर्यंत ३५ हजार हेक्टर नवं जंगल आणि ३८ हजार हेक्टर पीटभूमीची, म्हणजे कार्बन साठवणाऱ्या पाणथळ जमिनीची, दुरुस्ती, ही त्यातली दोन मोठी लक्ष्यं. वार्षिक आढावा हातात घेण्याआधी इथेच एक सोपा भागाकार करून ठेवावा. २०२२ ते २०४५ म्हणजे २३ वर्षं. जंगलासाठी वर्षाला साधारण १,५०० हेक्टर आणि पीटभूमीसाठी साधारण १,६५० हेक्टर. आढाव्यात 'यंदा अमुक हेक्टर काम पूर्ण' असं वाचलं की तो आकडा गेल्या वर्षीशी नाही, या भागाकाराशी ताडून बघायचा. गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट काम झालं ही बातमी चांगलीच, पण गेल्या वर्षी काम पाचशे हेक्टरच झालं असेल तर दुप्पट होऊनही गाडी मागेच आहे.

आता ठिपक्यांकडे वळू. प्राधिकरण वर्षभराची माहिती भागीदारांकडून गोळा करतं आणि ती त्याच्या मंडळापुढे ठेवली जाते. या १९ जणांच्या मंडळात मंत्र्यांनी नेमलेले आणि परिषदांनी सुचवलेले सदस्य असतात, शिवाय पाच जण स्थानिक मतदारांनी थेट निवडून दिलेले. अशा आढाव्यांची रीत साधारण सगळीकडे सारखी: काम ठरल्याप्रमाणे चालू असेल तर हिरवा, रखडायची चिन्हं असतील तर पिवळा, अडलं असेल तर लाल. आपल्याकडे सोसायटीच्या वार्षिक सभेत गळक्या टाकीच्या विषयापुढे सेक्रेटरी 'काम प्रगतिपथावर' लिहितात. म्हणजे कंत्राटदाराचं कोटेशन आलेलं असतं. टाकी गळतच असते. ठिपक्याचंही तेच. तो बहुतेक वेळा हालचालीचा रंग असतो, परिणामाचा नसतो.

हा फरक पीटभूमीत सगळ्यांत स्वच्छ दिसतो. पीट म्हणजे पाणथळ जागी हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेला शेवाळाचा आणि वनस्पतींचा थर. तो भिजलेला असतो तोवर त्यातला कार्बन जमिनीतच कोंडलेला राहतो. स्कॉटलंडमध्ये पूर्वी चराईसाठी आणि शिकारीच्या माळांसाठी अशा जमिनींत चर खणून पाणी काढून दिलं गेलं. थर वाळला, उघडा पडला, वारा-पावसानं खचला, आणि कोंडलेला कार्बन हवेत जाऊ लागला. दुरुस्ती म्हणजे एक्सकॅव्हेटर नेऊन ते चर बुजवायचे, उभे तुटलेले काठ उतरते करायचे, त्यांवर हिरवळीचे तुकडे बसवायचे, पाणी पुन्हा अडवायचं.

आढाव्यात मोजले जातात ते यंत्रानं काम केलेले हेक्टर. पाण्याची पातळी वर यायला त्यानंतर काही काळ लागतो, शेवाळ पुन्हा धरायला वर्षं लागतात, आणि जमीन कार्बन सोडायचं थांबवून साठवू लागेपर्यंत ही योजना केव्हाच संपलेली असेल. म्हणजे या ओळीत पाच वर्षं लागोपाठ हिरवे ठिपके आले तरी त्यांतला एकही 'कार्बन वाचला' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'ज्यानं कार्बन वाचेल असं आपल्याला वाटतं ते काम केलं.' यात लबाडी काही नाही. दरवर्षी हजारो हेक्टरांवर जाऊन वायू मोजणं परवडणारं नसतं, तेव्हा हेक्टर हाच मापाचा दांडा. फक्त वाचणाऱ्यानं तो दांडा कसला आहे हे विसरू नये.

हीच ओळ एखाद्या वर्षी पिवळी झाली तर लगेच कपाळाला आठ्याही घालू नयेत. पक्ष्यांच्या विणीच्या काळात डोंगरावर यंत्रं नेत नाहीत, थंडीत बर्फ काम थांबवतं. उरलेल्या महिन्यांत काम उरकायचं, ते जाणणारे कंत्राटदार मोजके, आणि सरकारी पैसा आर्थिक वर्षाच्या चौकटीत येणारा. बर्फ लवकर पडला तरी आकडा घसरतो. एका वर्षाच्या रंगापेक्षा तीन वर्षांची रेघ जास्त खरं बोलते.

हरणांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा, आणि मला विचाराल तर या सगळ्या योजनेचा जीव तिथेच अडकलेला आहे. स्कॉटलंडमधून लांडगे काही शतकांपूर्वी संपले. रेड डिअर जातीच्या मोठ्या हरणांना खाणारं कुणी उरलं नाही, आणि ही हरणं पाइनची कोवळी रोपं शेंड्यापासून कुरतडून टाकतात. जंगल म्हातारं होत जातं, खालून नवं उगवत नाही. म्हणून योजनेनं लक्ष्य ठेवलं: २०३०पर्यंत हरणांची घनता चौरस किलोमीटरला ५ ते ८ इतकी खाली आणायची. आणायची म्हणजे गोळी घालूनच. दुसरा व्यवहार्य मार्ग नाही.

पण गोळी घालणार कोण? इस्टेटीचे शिकारी. आणि कित्येक इस्टेटींचं उत्पन्न याच हरणांवर आहे. पाहुणे पैसे मोजून नराची शिकार करायला येतात; इस्टेटीची किंमत ठरवतानाही ती वर्षाला किती नर देऊ शकते हे पूर्वापार बघितलं जातं. एकाला जो जंगलाचा शत्रू वाटतो तोच शेजाऱ्याचा माल आहे. त्यातच हरणाला हद्द कळत नाही: उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली, मधे चार मालकांच्या जमिनी. प्राधिकरण कुणाला 'अमुक इतकी मारा' असा हुकूम सोडू शकत नाही. म्हणून शेजारी-शेजारी इस्टेटींचे हरीण व्यवस्थापन गट असतात, ते स्वेच्छेनं एकत्र बसतात, मोजणी करतात, कोटा ठरवतात. ग्लेनफेशी इस्टेटीनं २००० नंतरच्या दशकात हरणं मोठ्या प्रमाणात कमी केली आणि आज तिथे कुंपणाशिवाय पाइनची रोपं वर आलेली दिसतात. तेव्हा शेजारच्या काही जणांना ते मुळीच रुचलं नव्हतं.

आता समजा आढाव्यात आकडा आला, 'सरासरी घनता ८'. हिरवा ठिपका. पण सरासरी आठ म्हणजे एका दरीत दोन आणि तेवढ्याच मोठ्या दुसरीत चौदा असूही शकतात. दोनवाल्या दरीत जंगल उठेल, चौदावालीत एक रोप वाचणार नाही, आणि तक्त्यात दोन्ही मिळून एकच आनंदाची बातमी दिसेल. म्हणून सरासरी दिसली की खाली दरीगणिक नकाशा दिलाय का ते शोधायचं. नकाशा नसेल तर त्या ठिपक्यावर फार विसंबू नये.

तक्त्याची आणखी एक खोड अशी, की त्यात प्रत्येक लक्ष्याला आपली वेगळी ओळ असते, आणि जंगलात कुठल्याच गोष्टीला वेगळी ओळ नसते. कॅपरकेली नावाचा, टर्कीएवढा, जुन्या पाइन जंगलांत राहणारा पक्षी घ्या. २०१५-१६च्या हिवाळी गणनेत स्कॉटलंडमध्ये त्यांची संख्या १,११४ धरली गेली होती. २०२१-२२ला ती ५४२वर आली. उरलेल्यांतले बहुतेक केर्नगॉर्म्समध्येच आहेत, म्हणजे इथे गेला तर ब्रिटनमधून गेला. नवं जंगल लवकर उभं करायचा सोपा उपाय काय? हरणं येऊ नयेत म्हणून उंच जाळीचं कुंपण घालणं. 'नवं जंगल' या ओळीत लगेच हिरवा ठिपका मिळेल. पण कॅपरकेली जड पक्षी, जमिनीलगत वेगानं उडतो, जाळी त्याला दिसत नाही आणि तो तिच्यावर आदळून मरतो. एका ओळीतली प्रगती दुसऱ्या ओळीत मरून पडते. कुंपण टाळायचं तर हरणं कमी करायला हवीत, म्हणजे तिसऱ्या ओळीतला, सगळ्यांत कडू वाद मिटायला हवा. त्यात या पक्ष्याची अंडी खाणारा पाइन मार्टन हा मुंगसासारखा प्राणीही संरक्षित आहे. त्याला मारता येत नाही म्हणून विणीच्या काळात त्याच्यासाठी दुसरीकडे हरणाचं मांस टाकून बघण्यात आलं, पोट भरलं की तो घरट्यांकडे कमी वळतो का हे तपासायला. घरट्यांवरचे हल्ले खरोखरच कमी झाले. हे सगळे धागे तक्त्यात दिसत नाहीत. चांगल्या आढाव्यात ते ठिपक्यांशेजारच्या मजकुरात असतात, तेव्हा मजकूर आधी वाचावा आणि रंग नंतर.

श्रेयाचा मुद्दा राहिला. २०२३च्या उन्हाळ्यात केर्नगॉर्म्समध्ये १९ स्कॉटिश रानमांजरं सोडली गेली; पुढच्या वर्षी त्यांना जंगलात पिल्लं झाल्याच्या नोंदी मिळाल्या. हा प्रकल्प चालवते स्कॉटलंडची रॉयल झूऑलॉजिकल सोसायटी. उद्यानाचं प्राधिकरण, सरकारी निसर्गसंस्था, वनसंस्था, स्वीडन आणि स्पेनमधल्या संस्था सोबत आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये स्पे नदीच्या वरच्या खोऱ्यात बीव्हर, म्हणजे ओढ्यांवर बांध घालणारे प्राणी, सोडले, सुमारे ४०० वर्षांनी ते तिथे परतले. तिथे परवाना घेऊन पुढाकार घेतला तो प्राधिकरणानंच. आढाव्यात ही दोन्ही यशं सारख्याच थाटात येऊ शकतात. भागीदारीचं यश सगळ्यांचं असतं हे खरं, पण त्यामुळे अपयश कुणाचंच नसतं, अशीही सोय होऊन बसते. म्हणून प्रत्येक ओळीपुढे जबाबदार कोण, ते नाव आहे का बघावं. 'प्राधिकरण आणि भागीदार' एवढंच लिहिलं असेल तर त्या कामाला धनी नाही असं खुशाल समजा.

कायद्याचा चाबूक आहे का मागे? फारसा नाही. स्कॉटलंडच्या कायद्यानं मंत्री, परिषदा आणि इतर सार्वजनिक संस्थांना आपली कामं करताना ही योजना ध्यानात घ्यायला सांगितलं आहे. ध्यानात घेऊन बाजूला ठेवली तरी कायदा मोडला असं सहसा सिद्ध होत नाही. इंग्लंडमध्ये १९९५पासून असंच सौम्य बंधन होतं. २०२३च्या कायद्यानं ते कडक करून, उद्यानाचे हेतू पुढे नेण्याचा प्रयत्न सार्वजनिक संस्थांनी केलाच पाहिजे असं केलं. खासगी मालकांना मात्र दोन्हीकडे मुख्यतः अनुदान, समजावणी आणि शेजारधर्म यांवरच बांधता येतं. त्यामुळे आढाव्यात एखादं काम लाल दिसलं तर त्याचा अर्थ नेहमी 'प्राधिकरणानं केलं नाही' असा होत नाही. कित्येकदा 'ज्यानं करायचं होतं त्याला पटलं नाही' असा होतो.

आणि ठिपके देतं कोण? आपल्याच कामाला आपणच. आपल्याकडच्या व्याघ्र प्रकल्पांची रीत इथे वेगळी आहे. ताडोबा असो वा मेळघाट, व्याघ्र संवर्धन आराखडा कायद्यानं सक्तीचा, जमीन वनखात्याची, आणि दर चार वर्षांनी बाहेरचे तज्ज्ञ येऊन व्यवस्थापनाला गुण देतात. बाहेरचा परीक्षक हा आपल्या पद्धतीचा मोठा गुण. उलट उद्यानातच राहणाऱ्या गावकऱ्याला दरवर्षी समोर बसून 'तुम्ही म्हणालात ते झालं का?' असं विचारायची जागा केर्नगॉर्म्सच्या पद्धतीत जास्त आहे; मंडळावर त्यानं निवडून दिलेला माणूस असतो. दोन्हींतलं एकेक उचलता आलं तर बरं होईल, पण तो विषय वेगळ्या लेखाचा.

काही गोष्टी कुठल्याच तक्त्यात आधी बसत नाहीत. जून २०२५च्या अखेरीस कॅरब्रिज आणि डावा भागात, उद्यानाच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या नोंदींतला सगळ्यांत मोठा वणवा लागला. उन्हाळी महिन्यांत उघड्यावर विस्तव पेटवायला बंदी घालणारा उपविधी तोवर प्राधिकरणानं तयार करून मंत्र्यांकडे पाठवलाच होता. तो मंजूर झाला आणि २०२६पासून दरवर्षी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर लागू असेल असं ठरलं. 'उपविधी तयार' या ओळीचा ठिपका वणव्याच्या वर्षीही हिरवाच राहणार. त्या वर्षीचा आढावा वाचताना जळालेले हेक्टर लागवडीच्या आकड्यातून वजा केलेत की नाही, हे मी सगळ्यांत आधी बघेन.

माणसांच्या भागातल्या ओळी, म्हणजे परवडणारी घरं, हंगामी हॉटेल कामगारांची राहण्याची सोय, बससेवा, सुट्टीपुरती उघडणारी दुसरी घरं, निसर्गाच्या मानानं पटकन मोजता येतात. घर बांधलं गेलं की गेलं. तिथे कामाचा आणि परिणामाचा फरक थोडा. त्यामुळे या भागात लाल ठिपका आला तर हवामानाची सबब चालत नाही, आणि स्थानिक लोक मंडळाला धारेवर धरतात तेही बहुधा इथेच.

ही योजना २०२७ला संपते आणि पुढच्या योजनेचा मसुदा पुन्हा लोकांसमोर येईल. तेव्हा या पाच वर्षांचे आढावे शेजारी-शेजारी ठेवून एकच तपासणी करावी: पाच वर्षं पिवळी राहिलेली ओळ नव्या मसुद्यात त्याच आकड्यासकट आली आहे, आकडा कमी होऊन आली आहे, की गुपचूप गळली आहे. हरणांच्या ओळीपासून सुरुवात करा.